साखर कारखाना कुठल्या अक्षराखाली येतो? (अर्थशास्त्रज्ञांच्या वर्गवारीबद्दल)

खोडवा (धागाकर्ता)

अर्थशास्त्रातला कुठलाही शोधनिबंध काढून बघा. शीर्षक, लेखकांची नावं, सारांश, आणि त्याखाली एक बारीक ओळ: 'जेईएल: एल-१३, एल-४१, डी-४४'. बहुतेक जण ही ओळ ओलांडून थेट प्रस्तावनेवर जातात. आता एका लेखासाठी ती ओळ मलाच भरायची आहे आणि गाडी तिथेच अडली आहे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर' (जेईएल) नावाचं नियतकालिक आहे. १९६३ साली ते निबंधांचे गोषवारे छापण्यासाठी निघालं, १९६९ पासून आजच्या नावाने निघतं. जगभरात छापलं जाणारं अर्थशास्त्र हवं तेव्हा सापडावं म्हणून त्यांनी विषयवार संकेतांक ठरवले. आधी नुसते आकडे होते, १९९१ पासून अक्षर आणि आकडे अशी जोडी आली. ए ते आर अशी अक्षरं, शिवाय वाय आणि झेड. डी म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र, जे म्हणजे श्रम, के म्हणजे कायदा, क्यू म्हणजे शेती आणि नैसर्गिक साधनसंपत्ती. उद्योग, कंपन्या आणि बाजार यांचा अभ्यास 'इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन' या नावाने एल खाली येतो.

एलच्या पोटात दोन वेगळ्याच तऱ्हा आहेत. एल-१ ते एल-५ हे प्रश्नांचे गट: बाजाराची रचना कशी आहे, कंपनी आतून कशी चालते, सरकारी आणि ना-नफा संस्थांचं काय, मक्तेदारीला आळा कसा घालायचा, नियमन कसं करायचं. एल-६ ते एल-९ मध्ये मात्र सरळ उद्योगांची यादी. एल-६२ मोटारी, एल-६७ कापड आणि चपला, एल-७४ बांधकाम, एल-८३ हॉटेलं आणि पर्यटन, एल-९३ विमानं, एल-९६ टेलिफोन.

माझा विषय असा: केंद्राची एफआरपी (उसाचा किमान भाव) एकच असताना शेजारशेजारच्या तालुक्यांत उसाची पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, वेगवेगळी का पडते? आता सहकारी साखर कारखाना कुठे घालू? खाद्यपदार्थ म्हणून एल-६६? शेतमालाचे बाजार आणि सहकारी संस्था म्हणून क्यू-१३? 'सहकारी उपक्रम' असा स्वतंत्र पी-१३ आहे. उत्पादकांच्या सहकारी संस्था जे-५४ मध्येही आहेत. भाव सरकार ठरवतं म्हणून एल-५१? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मंडई_विद्यापीठ

एवढा खल कशाला, सरळ 'राजकारण' असा कोड आहे का बघा. नसेल तर असोसिएशनला पत्र लिहा.

खोडवा

आहे की. पी म्हणजे राजकीय अर्थव्यवस्था आणि तुलनात्मक अर्थव्यवस्था. तुमचं पत्र वाचलं.

ताळेबंद

यात अडचण काय तेच कळेना. आमच्याकडे लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीला एनआयसी हा उद्योगाचा कोड टाकतात. एनआयसी-२००८ मध्ये साखर उत्पादन १०७२, गूळ-खांडसरीसुद्धा त्याच वर्गात. जीएसटीला एचएसएन हा मालाचा कोड: १७वं प्रकरण, १७०१ साखर, १७०३ मळी. विषय संपला. हे अर्थशास्त्रज्ञ एका कारखान्याला चार-पाच कोड लावणार आणि वर कुठला खरा म्हणून भांडणार.

संदर्भविभाग

ताळेबंद, तुम्ही सांगताय त्या दोन याद्या आणि धाग्यातली यादी अशा तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एचएसएन ही वस्तूंची यादी, जागतिक सीमाशुल्क संघटनेने केलेली. पोत्यात काय आहे तेवढं तिला कळतं. एनआयसी ही आस्थापनांची यादी. संयुक्त राष्ट्रांची आयएसआयसी नावाची वर्गवारी १९४८ पासून आहे, तिच्या चौथ्या आवृत्तीवर आपली २००८ ची बेतलेली आहे. पोतं कुणी आणि काय काम करून भरलं ते ती सांगते. जेईएल मात्र ना पोत्याची यादी ना कारखान्याची. ती अभ्यासाची यादी आहे. पोत्याबद्दल कुणी काय विचारलं, एवढंच तिथे नोंदवलं जातं.

एका कारखान्याला एनआयसीत एक मुख्य कोड मिळतो, कारण तिथे नियमच आहे: ज्या कामातून सर्वात जास्त मूल्यवृद्धी होते ते मुख्य काम. आसवनी (मळीपासून मद्यार्क) आणि सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्याचं मुख्य काम कुठलं, हा हल्ली तुमच्यासाठीही तितका सोपा प्रश्न नसावा. निबंधाला असा नियम लावता येत नाही.

ग्रंथालयातली गंमत सांगते. ड्यूई दशांश पद्धतीत पुस्तकाला शेल्फावर एकच जागा मिळते. त्यामुळे सहकारावरचं पुस्तक ३३४ ला, उद्योग आणि उत्पादनाच्या अर्थकारणावरचं ३३८ ला, ऊस शेती ६३३ ला आणि साखर बनवण्याचं तंत्र ६६४ ला. साखर कारखान्यावर अभ्यास करणारा विद्यार्थी आला की त्याला चार कपाटांपुढे फिरवावं लागतं. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन पद्धत काढली ती नेमकी यासाठी. लंडनच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला, तेच सुटे तुकडे वेगवेगळे जोडून नवनवीन वस्तू होताना. मग त्यांनी विषयाचे असे सुटे पैलू केले आणि लागतील तसे जोडायचे ठरवले. त्या पद्धतीत अर्थशास्त्राचं अक्षर एक्स आहे, हे जाता जाता.

जेईएल एका निबंधाला अनेक कोड लावू देते, म्हणजे रंगनाथनांचा हेतू अर्धामुर्धा साधला जातो. तेव्हा खोडवा, 'कुठल्या कप्प्यात' असं विचारू नका. तीन-चार कोड घ्या, ते सगळे मिळून तुमचा प्रश्न सांगतील असे.

लिंबूटिंबू

संदर्भविभाग ताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

आडसाली

अर्थशास्त्रातलं मला फार कळत नाही, पण उसाचं कळतं म्हणून लिहितो. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातला आहे.

उचल वेगळी का पडते हे विचारायला कोड कशाला पाहिजेत? ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. चोवीस तास गेले की वजन उतरतं, अठ्ठेचाळीस तासांत साखर उतरायला लागते. त्यामुळे ऊस काय मुंबईच्या बाजारात नेऊन विकता येत नाही. वाहतूक परवडेल एवढ्या अंतरात जे कारखाने असतील तेवढेच आपले गिऱ्हाईक. ज्या गावातनं तीन कारखान्यांच्या ट्रॉल्या जातात तिथे शेतकी खात्याचा माणूस दारात येऊन चहा पितो. जिथे एकच कारखाना आहे तिथे आपण त्याच्या दारात.

आणि नुसता भाव बघू नका. आडसाली ऊस, अठरा महिने सांभाळलेला, त्याला तुरा आला तरी तोड येत नाही. नोंद झालेली असते, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय म्हणतो पुढच्या आठवड्यात. मग तोडणाऱ्या टोळीला वरचे पैसे म्हणून 'खुशाली' द्यायची आणि ट्रॅक्टरवाल्याला 'एन्ट्री'. गेल्या हंगामात आमच्या भागात एकरामागे खुशालीचा जो आकडा चालला होता तो इथे लिहीत नाही, पण पावती तर कुणीच देत नाही. कारखान्याच्या भावफलकावर एक भाव, आणि शेतकऱ्याच्या हातात पडतो तो दुसरा. तुमच्या यादीत खुशालीला कोड आहे का?

ऱ्हाइनकाठ

आडसाली काका, तुमच्या प्रतिसादात निदान तीन निबंध आहेत. आमच्या विभागात याला चर्चासत्र म्हणाले असते.

मी जर्मनीत याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून एलच्या रचनेबद्दल थोडं. ती एका बैठकीत ठरलेली वाटते, पण एखाद्या जुन्या वाड्याला पिढ्यापिढ्यांनी खोल्या काढत जावं तशी ती वाढलेली आहे आणि कुठली खोली कुणाची ते अजून ओळखू येतं.

१९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये एडवर्ड मेसन आणि त्यांचे विद्यार्थी एकेका उद्योगाचा बारकाईने अभ्यास करायला लागले. आज पोलाद, उद्या कापड. एल-६ ते एल-९ मधली उद्योगांची यादी ही त्या परंपरेची खूण म्हणता येईल. मेसन यांचे विद्यार्थी जो बेन यांनी त्यातून एक सूत्र काढलं: बाजाराची रचना कंपन्यांचं वर्तन ठरवते आणि वर्तनावरून बाजाराची कामगिरी ठरते. थोड्या कंपन्या, नव्यांना शिरायला अडथळे, मग चढे भाव आणि जास्त नफा. एल-१ चं पूर्ण नाव वाचा: 'बाजाराची रचना, कंपनीची व्यूहरचना आणि बाजाराची कामगिरी'. बेन यांचं सूत्र जसंच्या तसं, फक्त मधल्या 'वर्तना'च्या जागी 'व्यूहरचना' आलेली. ती आली कारण १९७० नंतर गेम थिअरीवाल्यांनी हा सगळा विषय ताब्यात घेतला. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून मी काय करायचं, हा प्रश्न मधोमध आला. जाँ तिरोल यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते मोठ्या कंपन्यांची बाजारशक्ती आणि त्यांचं नियमन यावरच्या कामासाठी.

एल-२ चा वंश वेगळा. १९३७ मध्ये रोनाल्ड कोझ यांनी विचारलं की बाजार एवढा कार्यक्षम असेल तर मुळात कंपन्या असतातच कशाला? प्रत्येक काम रोजच्या रोज बाजारातून का घेत नाहीत? त्यांचं उत्तर असं की बाजारातून घ्यायलाही खर्च येतो: शोधायचा, घासाघिशीचा, करार पाळला जातोय का ते बघायचा. कोझ यांना १९९१ मध्ये आणि त्याच वाटेवरच्या ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये नोबेल. कारखाना तोडणीची टोळी स्वतः नेमतो की शेतकऱ्यावर सोडतो, आसवनी स्वतः टाकतो की मळी विकतो, हे शुद्ध एल-२ चे प्रश्न आहेत.

एल-४ म्हणजे १८९० च्या शर्मन कायद्यापासूनचा अमेरिकन इतिहास. आणि एल-१७, 'ओपन सोर्स', हा कप्पा तर उघडच नंतर जोडलेला, कारण ते नावच १९९८ मधलं.

शिकागोचे जॉर्ज स्टिगलर (१९८२ चं नोबेल) याच विषयात आयुष्य घालवून म्हणाले होते की असा वेगळा विषयच अस्तित्वात नाही. हे भाव आणि उत्पादन कसं ठरतं याचंच शास्त्र आहे, म्हणजे डी. आणि खरंच, मक्तेदारी डी-४२ मध्येही आहे आणि एल-१२ मध्येही. सिद्धांत मांडलात तर डी, प्रत्यक्ष उद्योगात शिरलात तर एल, असा आमच्याकडचा ढोबळ रिवाज.

मंडई_विद्यापीठ

म्हणजे ज्याला नोबेल दिलं तोच म्हणतो विषय नाही, आणि खोडवा इथे त्या नसलेल्या विषयाचा पोटविभाग शोधतायत. चालू द्या. मुळात हे सगळं कारकुनी काम आहे. नाव काहीही द्या, उसाला भाव मिळणार आहे का त्याने?

पक्षकार

मंडई, कारकुनी म्हणून उडवून लावू नका. वर्गवारीच्या एका ओळीवर शेकडो कोटींचा दंड बसतो किंवा टळतो. स्पर्धा कायद्यात काम करतो म्हणून सांगतो.

अमेरिकेतलं १९५६ चं द्यू पाँ कंपनीचं प्रकरण घ्या. सेलोफेनचा पारदर्शक कागद. देशातला जवळजवळ ७५ टक्के सेलोफेन ही एकटी कंपनी विकत होती. सरकार म्हणालं मक्तेदारी. कंपनी म्हणाली, आमचा बाजार सेलोफेनचा नाहीच. मेणकागद, फॉइल, पॉलिथीन, वस्तू गुंडाळायला लागतं ते सगळं मिळून एक बाजार. त्यात आमचा वाटा २० टक्क्यांहून कमी. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं ऐकलं. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी यातली मेख दाखवली: मक्तेदाराने भाव आधीच टोकाला नेऊन ठेवलेला असतो, त्या भावाला लोक मेणकागदाकडे वळणारच. म्हणून तो मेणकागद खरा पर्याय ठरत नाही. याला आजही सेलोफेनचा हेत्वाभास म्हणतात. १९८२ पासून अमेरिकन अधिकारी उलट प्रश्न विचारायला लागले: समजा या वस्तूचा एकच विक्रेता असता आणि त्याने भाव पाचेक टक्क्यांनी वाढवून तसाच ठेवला, तर त्याला ते परवडेल का? परवडत असेल तर तो झाला बाजार.

आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यात 'संबंधित बाजार' ठरवल्याशिवाय वर्चस्वाच्या गैरवापराचं प्रकरण पुढेच सरकत नाही. वस्तूचा बाजार वेगळा ठरतो, भूगोलाचा वेगळा. २०११ मध्ये डीएलएफला ६३० कोटींचा दंड झाला तेव्हा स्पर्धा आयोगाने बाजार धरला होता 'गुरगावमधली उच्च श्रेणीची घरं'. 'भारतातली घरं' धरला असता तर ती कंपनी वर्चस्वाच्या जवळपासही गेली नसती.

साखर कारखान्यांचंही एक प्रकरण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने १८ साखर कंपन्या आणि दोन संघटनांना मिळून सुमारे ३८ कोटींचा दंड ठोठावला. पेट्रोल कंपन्यांनी काढलेल्या इथेनॉलच्या निविदेत संगनमत केल्याचा ठपका होता. ते पुढे अपिलात गेलं तो भाग निराळा. पण बघा, यावर निबंध लिहिलात तर कोड काय लागतील? एल-४१ स्पर्धाविरोधी संगनमत, डी-४४ लिलाव, के-२१ कायदा. साखरेचा पत्ताच नाही, ऊस तर फार लांब राहिला.

खोडवा

पक्षकार, तुमच्या 'संबंधित बाजारा'ने माझा गुंता बराच सुटला.

साखरेचा बाजार धरला तर एकेक कारखाना किरकोळ आहे. साखर देशभर जाते, भाव त्याच्या हातात नाही, २०१८ पासून तर विक्रीचा किमान भावही केंद्र ठरवतं. आधी २९ रुपये किलो, २०१९ मध्ये ३१. पण उसाचा बाजार धरला, आडसाली म्हणतात तसा ट्रॉलीच्या अंतरातला, तर तोच कारखाना दादा. एका दारातून माल विकताना नमतं घेणारा, दुसऱ्या दारातून माल घेताना हुकूम चालवणारा. एल-६६ लिहिलं की वाचकाचं लक्ष पहिल्या दाराकडे जातं. माझा लेख दुसऱ्या दारात उभा आहे.

आणि इथे यादी तोकडी पडते. विकणाऱ्याच्या मक्तेदारीला डी-४२ आहे, एल-१२ आहे. एकट्या घेणाऱ्याच्या सत्तेला 'मोनॉप्सनी' म्हणतात. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये ही कल्पना रूढ केली. यादीत मोनॉप्सनीचं नाव येतं ते जे-४२ मध्ये, म्हणजे कामगारांच्या बाजारात. गावातली एकच गिरणी मजुरी दाबते, हे चित्र डोळ्यासमोर ठेवून. ऊस, दूध, कापूस घेणाऱ्याची मक्तेदारी एलमध्ये नाव घेऊन कुठेच नाही; 'अपूर्ण बाजारांचे इतर प्रकार' यात तिला बसवायचं. जिथे बहुतेकांचा व्यापाराशी संबंध शेतमाल विकण्यापुरता येतो, तिथल्या लोकांनी ही यादी केली असती तर हा कप्पा पहिल्या पानावर असता, असं माझं मत.

संदर्भविभाग

क्यू-१३ मध्ये 'शेतमालाचे बाजार आणि विपणन' आहे की, तिथे बसतंच ते.

खोडवा

बसतं. पण तो शेतीचा खण झाला. एलवाले सहसा तिकडे फिरकत नाहीत.

ऱ्हाइनकाठ

यातलं निम्मं खरं आहे. गेल्या काही वर्षांत घेणाऱ्याची सत्ता हा एलवाल्यांचाही चर्चेचा विषय झालाय, सुपरमार्केटच्या साखळ्या आणि ऑनलाइन मंचांमुळे. पण अजून तरी त्यासाठी वेगळा आकडा निघालेला नाही.

महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखान्यांवरचा एक निबंध इथे आलाच पाहिजे. २००१ साली अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांनी लिहिलेला. कारखाना सभासदांचा, एका सभासदाला एक मत. मग मालकांनी स्वतःच्याच उसाला कमी भाव का घ्यावा? त्यांचं म्हणणं असं की मोठे ऊसवाले कारभारात वजन ठेवून असतात. उसाचा भाव दाबला की कारखान्यात पैसा उरतो आणि तो कुठे वळवायचा हे त्यांच्या हातात. भाव दाबल्याने त्यांच्याही उसाचं नुकसान होतं, पण उरलेल्या पैशातून ते भरून निघतं. लहान सभासदाचं नुसतंच नुकसान. जिथे लहान-मोठ्यांची दरी जास्त तिथे भावावर जास्त परिणाम, हे त्यांनी आकडेवारीने तपासलं. आता बघा, यात बाजारातली स्पर्धा जवळजवळ नाही. हा संस्थेच्या आतला प्रश्न आहे: पी-१३, डी-७१ (सामूहिक निर्णय), ओ-१७ (संस्थात्मक रचना). आडसाली काकांचा प्रश्न बाहेरचा, किती कारखाने आवाक्यात आहेत त्याचा. विषय तोच, कारखाना तोच, आणि दोन निबंधांच्या कोडांत एकही सामाईक नसू शकतो.

आडसाली

ह्या चार साहेबांना सांगा, लेख वाचायच्या आधीच आमच्या पारावर पाठ आहे.

बाकी खोडवा, आवाक्यात किती कारखाने आहेत हे आपोआप ठरत नाही हे पण लिहा. पूर्वी झोनबंदी होती, तुमचं गाव ज्या कारखान्याच्या क्षेत्रात त्यालाच ऊस घालायचा. ती गेली. पण दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम राहिला. देशात पंधरा, महाराष्ट्राने पंचवीस केला. म्हणजे नवा गिऱ्हाईक यायचा म्हटलं तर नकाशावर कंपास ठेवून बघायचं. कारखानदार म्हणतात गाळपाला ऊस पुरला पाहिजे म्हणून अंतर पाहिजे, रघुनाथदादा पाटलांसारखे शेतकरी नेते म्हणतात अंतराची अट काढा. दोन्हींत तथ्य आहे. ऊस कमी पडला की शंभर दिवसांत पट्टा पडतो (गाळप बंद होतं) आणि तोटा शेवटी सभासदाच्याच बोकांडी.

पक्षकार

हा एल-४३ चा नमुना झाला: कायद्यानेच दिलेली मक्तेदारी आणि तिचं नियमन. आधी अंतराच्या अटीने घेणारे मर्यादित करायचे, मग त्यांनी भाव दाबू नये म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली किमान भाव बांधून द्यायचा. २०२५-२६ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये होता. पैसे चौदा दिवसांत द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. एका नियमाने झालेली जखम दुसऱ्या नियमाने बांधायची.

ताळेबंद

आणि त्या ३,५५० मधून तोडणी-वाहतूक वजा होते हे विसरू नका. शेतकऱ्याच्या खात्यात पडणारा आकडा वेगळाच. कारखाना जितका लांबून ऊस आणेल तितका सरासरी वाहतूक खर्च वाढतो आणि तो सगळ्यांच्या बिलातून कापला जातो. गेटकेन (आपल्या क्षेत्राबाहेरचा ऊस) आणणाऱ्या कारखान्यांच्या हिशोबात हे नीट बघा. तुमच्या 'उचल वेगळी का' या प्रश्नातला बराच फरक या एका रकान्यात सापडेल, असा माझा अंदाज.

लिंबूटिंबू

एक बाळबोध शंका. एवढ्या चर्चेत तोडणाऱ्यांचं नाव आलं नाही. मी बीडची आहे. आमच्या गावात दिवाळीनंतर शाळेची पटसंख्या अर्धी होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उन्हाळ्यात-पावसाळ्यात उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि हंगामभर तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच टोळीत. हे एलमध्ये कुठे येतं?

संदर्भविभाग

येत नाही. जे-४३ शेतमजुरांचा बाजार आणि जे-६१ स्थलांतर. शंका बाळबोध अजिबात नाही.

ऱ्हाइनकाठ

थोडी भर. मजुरी आणि स्थलांतर जे मध्येच. पण कारखाना मजुरांशी थेट करार न करता मुकादमाशी करतो, पैसे त्याला देतो, जबाबदारी त्याच्यावर ढकलतो, हा एल-२४ (काम बाहेरून करून घेणं) आणि एल-१४ (करार आणि व्यवहारातले संबंध) यांचा प्रश्न आहे. पेपर जे मध्ये गेला की कंपनीचं नाव त्यातून गळतं, 'स्थलांतरित मजुरांचे प्रश्न' एवढंच उरतं. एलमध्ये आणला तर विचारावं लागतं की हा खर्च कारखान्याने स्वतःच्या ताळेबंदाबाहेर का ठेवलाय. खुशालीचंही तेच. कारखाना टोळीला पुरेसे पैसे देत नाही, तोडीची रांग लांबते, आणि उरलेली मजुरी शेतकऱ्याकडून परस्पर वसूल होते. आडसाली काका, खुशालीला माझ्या मते एल-१४.

आडसाली

एल-चौदा. चिटबॉयला सांगून बघतो.

मंडई_विद्यापीठ

माघार घेतो. कारकुनी असेल, पण कारकून जागा आहे. आता एवढं सांगा, धनंजयराव गाडगीळ कुठल्या अक्षरात? अर्थशास्त्रज्ञ माणूस, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, आणि विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा कारखाना उभा करून त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अभ्यासक म्हणून घालायचे की अभ्यासाचा विषय म्हणून?

संदर्भविभाग

प्रवरेचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे आर्थिक इतिहास, आशियातले कारखाने: एन-६५. आणि धनंजयराव व्यक्ती म्हणून हवे असतील तर बी-३१, अर्थशास्त्रज्ञांची चरित्रं. त्यांच्या नावाचं ग्रंथालय पुण्यात गोखले संस्थेतच आहे. साखर आणि सहकारावरचं जुनं साहित्य हवं असेल, खोडवा, तर तिथे जाऊन बसा, नेटवर हे सगळं नाही.

खोडवा

ठरवलं. प्रश्न 'आवाक्यातले कारखाने आणि पहिली उचल' असा ठेवतो. म्हणून पहिला क्यू-१३, मग एल-१३ (मोजके खेळाडू असलेला बाजार), मग एल-४३ अंतराच्या अटीसाठी. एल-६६ शेवटी, नुसता शोधणाऱ्याला सापडावा म्हणून. पी-१३ वगळतोय, कारण आकडेवारीत खासगी कारखानेही आहेत आणि संस्थेच्या आतलं राजकारण मी तपासणार नाही. ताळेबंद, तोडणी-वाहतुकीचा रकाना वेगळा काढून बघतो. तुमच्याकडे कारखान्यांच्या वार्षिक अहवालांचा अनुभव असेल तर खासगी निरोप (व्यनि) करतो.

ताळेबंद

करा. अहवालात 'तोडणी-वाहतूक' कधी ऊस खरेदीत मिसळलेली असते, कधी वेगळी. दोन कारखान्यांची तुलना करण्याआधी परिशिष्ट उघडून बघत चला.

लिंबूटिंबू

आणि दूध संघ? ते पण एल-६६ का?

संदर्भविभाग

एल-६६ आणि क्यू-१३ दोन्ही. पण दूध दिवसातून दोनदा निघतं आणि उसापेक्षा लवकर नासतं, शिवाय डेअरीत फॅट मोजणाराच भाव ठरवतो. ते प्रकरण वेगळं आहे, नवीन धागा काढा.